दक्षिणेचं फाटक

पालघर आणि बोईसरच्या मधला खारवट हॉल्ट बांधला तोच कबड्डीसाठी. पलीकडच्या मैदानावर दर वर्षी मोठे सामने होत आणि शेवटच्या दिवशी सात-आठ हजार माणूस जमे. म्हणून फलाट दुप्पट रुंद ठेवला होता. मैदानाकडून फलाटावर यायला दोन उतार होते, दोन्हींना लोखंडी फाटकं. सामना सुटला की दोन्ही उघडायची, हा नियम. चाव्या पुंजारामकडे असत. पाम गावचा माणूस, रेल्वेत अठरा वर्षं काढलेला.

१९८६च्या अंतिम सामन्याच्या दुपारी त्याचे रेल्वेतले साहेब त्याच्याकडे आले. "दक्षिणेच्या फाटकासमोर पाहुण्यांच्या गाड्या लागल्यात. त्या निघेपर्यंत कुलूप काढू नकोस."

"साहेब, एका उतारावर एवढी माणसं मावायची नाहीत."

"मी सांगतोय ना?"

पुंजारामने कुलूप तसंच ठेवलं.

सामना सातपाटीच्या पोरांनी मारला. लोक नाचतच मैदानाबाहेर पडले आणि नेमकी तेव्हाच खास गाडी फलाटाला लागली. ती चुकेल या भीतीने सगळे उत्तरेच्या उतारावर धावले. मागचे रेटत होते, पुढच्यांना हलायला जागा नव्हती. मग बायकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी ओरडत होतं, "मागं सरा, मान्सं खाली पडल्यान!"

पुंजारामने चावी हातात घेतली. गाड्या अजून उभ्याच होत्या. त्याने साहेबांना शोधलं, ते दिसेनात. तो तिथेच उभा राहिला. किंकाळ्या थांबून नुसतं कण्हणं ऐकू यायला लागलं, तेव्हा त्याने कुलूप काढलं. गर्दी गाड्यांच्या टपांवरून चढून मोकळी झाली.

तीन माणसं गेली. त्यातला एक सातपाटीचा दादू. त्याचा मेव्हणा जानू संघात खेळत होता, म्हणून त्या दिवशी होडी किनाऱ्याला ठेवून आलेला. पुंजारामनेच त्याला बाकावर निजवलं होतं.

चौकशीत पुंजारामचा जबाब झाला. चावी वेळेवर सापडली नाही, असं त्यात लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "एवढ्यावर सही कर. नोकरी शाबूत राहील." त्याने सही केली.

पंधरा दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. एका सकाळी तो सातपाटीला गेला. दादूची बायको जमना बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. पुंजारामने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले. "तू फाटक उगडलंस तवा तो जिता होता?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "होता. बाकावर ठेवला तवा डोळे उघडे होते. पाणी मागितलं."

"दिलंस?"

"आणेपर्यंत गेला."

जमना खाली बसली. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"ह्ये समदं कागदावर लिव."

"नोकरी जाईल, बाय. घरात चार तोंडं हायत."

"माज्या घरात पन हायत."

जानूने शाळेच्या वहीतलं पान फाडून आणलं. तिथेच मासळीच्या वासात पुंजारामने लिहिलं: कुलूप कुणी ठेवायला सांगितलं, चावी कुठे होती, आपण का थांबलो. खाली सही केली. त्याने आणि जमनाने मिळून पालघरला रेल्वेच्या कचेरीत जाऊन तो कागद दिला.

महिन्याभरात पुंजारामची नोकरी गेली. खोटा जबाब दिला, हे कारण. साहेबांची बदली बढतीवर झाली. पुंजाराम बोईसरच्या एका कारखान्यात पहारेकरी लागला. त्याची बायको रखमा वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही.

चौदा महिन्यांनी जमनाला उत्तर आलं. जानूने वाचून दाखवलं: नवीन काही आढळले नाही, प्रकरण बंद करण्यात आले आहे.

"पुंजारामचं नाव हाय त्यात?" तिने विचारलं.

"हाय."

"आनि साहेबाचं?"

"नाय."

जमनाने कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि म्हणाली, "उद्या परत पालघरला जाऊ. त्याला बी बोलाव."

पुंजाराम आला. त्यानंतरही आणखी तीन वेळा आला. उत्तर बदललं नाही.