अर्धाच विचारलेला कौल

मी एक जुना हिप्पोकॅम्पस आहे. नाव अवघड आहे, मित्रांनो, पण घाबरू नका. माणसाच्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्यासारखा वाकडा मी राहतो. पलीकडे माझा जुळा भाऊ असतो. ताजे घडलेले धरून ठेवणे हे आमचे काम. ते मला नीट सांगता येईल का, कोण जाणे; पण सांगतोच.

माझा धनी भावकू बेळगावच्या उद्यमबागेत, एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साचे भरतो. कुठल्या पंपाचा साचा कसा भरला होता, हे तो चित्र न बघता सांगे. "ह्येच्या डोस्क्यात कपाट हाय रं!" असे त्याचा सोबती गुंडू कौतुकाने म्हणायचा. ते कपाट म्हणजे मी.

मग उदासीने भावकूला धरले. झोप गेली, जेवण गेले. काळजीच्या रसायनांचा मारा सोसून मी थोडा आक्रसलो. सकाळी सांगितलेले दुपारी निसटू लागले. "नाटकं करतोय, काम नगो झालंय," आता तोच गुंडू म्हणू लागला.

भावकूची बायको जयाबाई त्याला कॅम्पातल्या डॉक्टर सुनंदाताईंकडे घेऊन गेली. नेहमीच्या गोळ्या मानवल्या नाहीत, तेव्हा ताईंनी वेगळ्या वाटेने काम करणारी मिर्टाझापिन दिली. माझ्याकडे येणाऱ्या तंतूंच्या टोकांतून सेरोटोनिन हे मनाला सावरणारे रसायन सुटते. ते फार सुटू नये म्हणून तिथे लगाम असतो. ही गोळी तो लगाम सैल करते. झोप आणि भूक लवकर परतली. माझ्या पेशींमधले सैल झालेले जोड मात्र आठवडे गेले तरी पुरते घट्ट होईनात. अशा औषधांनी माझ्यात नव्या पेशी उगवतात, असे उंदरांत दिसले आहे. माणसांबद्दल जाणकार अजून वाद घालतात, म्हणून मीही छातीठोक सांगत नाही. मी नेटाने कामाला लागलो, एवढे खरे.

भावकूला बरे वाटू लागले आणि तिथेच घात झाला असता. कणकुंबीजवळच्या आपल्या गावी जाऊन त्याने देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी, म्हणजे होकाराची, पडली. घरी येताच तो गोळ्यांची पट्टी फेकायला निघाला.

"अवो, काय करतासा?" जयाबाईने अडवले.

"देवीनं उजवी दिली. गोळी सोड म्हणाली."

"तुमी इचारलं काय?"

"गोळी सोडू काय, म्हणून."

"आणि कधी सोडू, ते?"

भावकूने पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"अर्धंच इचारलासा की! हुकूम देवीचा, येळ डाक्टरीणबाईची. चला, उठा."

गोळी एकदम बंद झाली असती, तर उदासी परतायला वाट मोकळी झाली असती आणि माझे काम अर्ध्यावर राहिले असते.

ताई हसल्या. "सोडायचीच आहे, भावकू. पण अजून काही महिन्यांनी, हळूहळू कमी करत. तोवर रोज घ्यायची. आणि संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला या."

"मग देवी खोटी न्हाय पडली?"

"मुळीच नाही."

परतताना बसमध्ये जयाबाईने विचारले, "पुन्ना कधी बोलावलंय?"

भावकूने कपाळाला आठ्या घातल्या. मी सारे बळ लावले.

"संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला.

जयाबाईने खिडकीकडे तोंड फिरवून पदराने डोळे टिपले.

मित्रांनो, घरातले कोणी गप्प झाले, विसरू लागले, तर नाटक म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि बरे वाटले म्हणून औषध मध्येच तोडू देऊ नका. माणूस हसू लागला, तरी आत आमचे काम चालूच असते.