पडवळाच्या शेपटीचा दगड

मी एक जुना दगड आहे. हसू नका, मित्रांनो! वर्गात एखाद्याला उत्तर आलं नाही की त्याला माझं नाव देतात, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्यापैकी किती जणांवर विद्यापीठात संशोधन झालं आहे? माझ्यावर झालं आहे.

माझा जन्म गाढी नदीतला. पाण्यानं लोळवून लोळवून मला गुळगुळीत केलं, पण पुढे काय करायचं ते काही सांगितलं नाही. एके दिवशी चिंगीबाईंनी मला घमेल्यात टाकून पनवेलजवळच्या, कृषी विद्यापीठाच्या भाजीपाला संशोधन केंद्रात आणलं. त्या तिथे रोजावर कामाला होत्या. पडवळ कोवळं असतानाच त्याच्या शेपटीला सुतळीनं दगड बांधायचा, म्हणजे ते वेटोळं न घेता सरळ वाढतं. हे काम त्या गप्पा मारता मारता उरकत.

तिथे गुरुदत्त सर शिकवत असत. मला तळहातावर घेऊन ते मुलांना म्हणाले, "दगड सगळेच बांधतात. पण केवढ्या वजनाचा आणि फळ केवढं असताना, हे कुणी मोजलंय?"

कुणीच मोजलं नव्हतं. किशोरी नावाची विद्यार्थिनी मोजायला तयार झाली आणि तिच्या एम.एस्सी.चा तोच विषय ठरला. माझं वजन झालं, अंगावर तैलरंगानं नंबर आला. मी इतका फुगलो, की पुन्हा काट्यावर ठेवलं असतं तर वजन वाढलेलं दिसलं असतं.

किशोरीनं मांडवाचे दोन भाग केले. एका भागातल्या पडवळांना वेगवेगळ्या वजनांचे दगड, दुसऱ्या भागातल्यांना काहीच नाही. दोन्हींत फरक दिसला, तरच दगडाचा उपयोग सिद्ध होणार होता. ती बिनदगडाची पडवळं काय वळायची! एकानं तर शेजारच्या पडवळाच्या गळ्यातच गळा घातला होता. मला ती बघून फार बरं वाटे. ती जितकी वाकडी, तितका मी मोठा!

गौरी-गणपतीला किशोरी गावी गेली आणि इकडे चिंगीबाईंना त्या उघड्या पडवळांची दया आली. दगड कमी पडले म्हणून पोरीनं अर्धा मांडव तसाच सोडला, असा त्यांचा समज झाला. त्यांनी वाकडी झालेली तोडून टाकली, गाढीवरून घमेलंभर नवे दगड आणले आणि नव्यानं धरलेल्या एकूण एक पडवळाला बांधून टाकले.

किशोरी परतली तेव्हा सगळा मांडव प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखा सरळ होता. चिंगीबाई बक्षीस घ्यायला आल्यासारख्या पुढे झाल्या.

"बग पोरी, आता येक पन वाकडं नाय. तुला दगड कमी पडलं व्हतं ना? आमी आनलं!"

किशोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव बघून आली. "मावशी, ती वाकडीच हवी होती हो! आता दोन्हीकडे सारखीच. फरक कुठला दाखवू? माझी डिग्री गेली!"

"अगो, वाकडं पडवळ कुनाला पायजे?"

"मला!" म्हणून किशोरी रडू लागली.

मलाही रडू येत होतं, पण दगडाला कुठली सोय? फरक नाही म्हणजे मीही कुणी नाही. पुन्हा आपला नदीतला धोंडा.

गुरुदत्त सर आले, वेलांकडे पाहून म्हणाले, "वेल आता उतरणीला लागलेत. हा शेवटचा बहर. यात अर्ध्या मांडवाला दगड नको. तेवढीच संधी आहे."

त्या दिवसापासून चिंगीबाई काठी घेऊन त्या अर्ध्या मांडवाखाली बसू लागल्या. "कोन हात लावतो बगतेच!" पडवळं पुन्हा मनसोक्त वळली. सगळं छान चाललं होतं.

मग एकदा गुरुदत्त सर मुलांना शिकवत शिकवत मांडवात शिरले. माझं पडवळ नुकतंच तोडलेलं, म्हणून मी खाली मोकळा पडलो होतो. सरांना एक वाकडं पडवळ दिसलं. तोंडानं व्याख्यान चालू होतं आणि हातानं मला उचलून त्याच पडवळाला सुतळीचा वेढा देणं चालू होतं! माझ्याच हातून, म्हणजे माझ्याच अंगानं, माझा घात होणार होता.

"ओ सायेब! ठेवा तो दगड खाली!" चिंगीबाई काठी आपटत आल्या. "वाकडं हाय ते वाकडंच राहू द्या. पोरीचा अभ्यास हाय तो!"

सरांनी मला पटकन टाकलं. "सवय हो, चिंगीबाई. लहानपणी आई हेच करायला लावायची."

"तुमची आई आली तरी नाय बांदू देनार!"

शेवटी मोजमाप झालं. किशोरीनं वेटोळ्यांवरून दोरा फिरवून लांबी घेतली. फरक आला, चांगला ठसठशीत आला. तिला पदवी मिळाली आणि पहिला पेढा चिंगीबाईंना. ती वाकडी पडवळं मात्र कुणी घेईना. चिंगीबाईंनी ती घरी नेली, डाळ घालून शिजवली आणि किशोरीला जेवायला बोलावलं. वाढताना म्हणाल्या, "चिरल्यावं काय वाकडं नि काय सरळ!"

किशोरीनं हे मला सांगितलं आणि खरं सांगतो, मी जरा खट्टू झालो.

आता मांडव मोडला आहे. किशोरी मॅडम झाली आहे आणि मी तिच्या वर्गाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडवून बसतो. नंबर पुसट झालाय. मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. कुणी वाकडं वाढताना दिसलं, तर लगेच दगड घेऊन धावू नका. आधी विचारा, कदाचित त्याच्या वाकडेपणावरच कुणाचं तरी सगळं अवलंबून असेल. आणि दार लावताना मला पायानं ढकलू नका. वाका, हातानं उचला. माझ्यावर संशोधन झालेलं आहे.