लाल सुताची टोपी

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकमधली हवा बाहेर काढायचा व्हॉल्व्ह. मेकॅनिक लोक मला ब्लीडर म्हणतात. करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पोटातून पोकळ, खाली निमुळतं टोक. हसू नका! ब्रेकमध्ये तेल असतं. दांडी दाबली की ते तेल रेटा देतं आणि चाक थांबतं. तो सगळा रेटा मी माझ्या एवढ्याशा टोकावर पेलून धरायचो. आता जानू मेकॅनिकच्या दुकानात बिस्किटांच्या जुन्या डब्यात पडून आहे, आणि अजूनही बाहेर गाडी थांबली की मला वाटतं, माझीच आली.

माझी गाडी काल्हेरच्या लडकूची. नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो तिला घेऊन आला, तेव्हा पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी म्हणजे गावात नवलाई होती. गोदामावर ड्युटीला जाताना लोक मुद्दाम वाकून चाक बघायचे. गाडीची पूजा केली लडकूच्या थोरल्या बहिणीने, बकुळाने. ती शेलार गावात दिलेली. घरी कांड्या भरायचं काम करायची, म्हणजे कापड विणायच्या लूमच्या धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळायचं. तिने एका कांडीचं लाल सूत तोडून हँडलला बांधलं आणि उरलेली कांडी भावाच्या हातात दिली. ती त्याने गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवली. किती कौतुक झालं हो त्या दिवशी! मला स्वतंत्र कुंकू नाही लागलं, पण चाकाला लागलं त्यातलं थोडं उडालं माझ्यावर.

मग गणपतीत घोळ झाला. लडकू ताईला मागे बसवून माहेरी आणत होता. खाडीच्या बांधाजवळ त्याने ऐट दाखवायला पुढचा ब्रेक कचकन दाबला. गाडी थांबली, ताई नाही थांबली. नवं लुगडं चिखलात! बांधावरचे सगळे हसले, आणि लडकूही हसला. तेच तिला लागलं.

"परत तुझ्या गाडीवर बसली तर नावाची बकुळा न्हाय!"

"नको बसू. कोण बोलावतंय?" तोही फुगला.

दोघं एकाच आईची लेकरं, वाकणार कोण? दिवाळी आली. भाऊबीजेला लडकू निघाला, नवा सदरा घालून. शेलारच्या नाल्यापर्यंत आला आणि थांबला. ब्रेकची दांडी त्याने किती तरी वेळ दाबून धरली होती. मग गाडी वळवली. परत जाताना तो नेहमीसारखं गाणं गुणगुणला नाही. त्याच्या बोटांचा तो दाब मला अजून आठवतो. ताईच्या घराचं दार नाल्यावरून दिसत होतं, मित्रांनो. फार वाईट वाटलं मला.

डिसेंबरात लडकूला मुलगी झाली. त्याची बायको मंदा बाळंतपणाला खारबावला माहेरी गेली होती, बारसंही तिथेच ठरलं. आता बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. मंदाच्या आईने निरोपच धाडला: आत्या आली तर नाव, न्हाय तर पोर बिननावाचं राहील. लडकूची झोप उडाली. ताईला आणायचं, म्हणजे आधी तिच्या दारात उभं राहायचं.

त्याच सुमाराला मी गळायला लागलो होतो. कारण ऐका. माझ्या तोंडावर रबराची एक टोपी असते. ती गाडी धुताना पडली, कुणी लक्ष दिलं नाही. उघड्या तोंडात धूळ साचली. पुढे हवा काढायला लडकूने मला सैल केलं, तेव्हा त्यातला एक कण माझ्या टोकाखाली बसला. थेंब थेंब तेल यायला लागलं. लडकूने पाना लावून आवळलं. तरी थेंब. रागाने आणखी आवळलं, माझ्या टोकाला वळ पडला. शेवटी बारशाच्या सकाळी त्याने मला बाहेर काढलं, आणि गळक्या नळाला आपल्याकडे करतात तेच केलं. टूलबॉक्समधलं सूत घेऊन माझ्या आट्यांवर गुंडाळलं आणि मला परत बसवलं! अरे बाबा, मी आट्यांनी बंद होत नाही, टोकाने होतो! पण मला कोण विचारतो? सुताचा एक धागा टोकाखाली गेला आणि मी आधीपेक्षा जास्त गळायला लागलो.

तसाच तो शेलारला पोचला. ताई दारात सारवण करत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा हात फिरवू लागली.

"ताय, पोरीचं बारसं हाय," लडकू खाली बघत म्हणाला.

"कळलं मना. रिक्षाने येईन. तुझ्या गाडीवर न्हाय."

तेवढ्यात ओल्या सारवणावर माझा थेंब पडला. मग दुसरा.

"अगं बाय! गाडीच रडाय लागली की!" ताई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग तिनेच समोरच्या दुकानातून जानूला हाक मारली.

जानूने ब्रेकची दांडी दाबली, ती सरळ मुठीला टेकली. "लडकू, या गाडीवर कुठं निघाला व्हतास? मरायला?" तो ओरडला आणि मला खोलून काढलं. सूत गच्च बसलं होतं, त्याच्या जाड बोटांना सापडेना. ताईने मला त्याच्या हातातून घेतलं. कांडीवरचं तुटलेलं टोक शोधायची तिच्या बोटांना सवय. नखाने धागा उचलला आणि अलगद उलगडला. मग ती एकदम थांबली.

"लडक्या, हे लाल सूत माझ्या कांडीचं. अजून ठेवलंस?"

"टाकू कुठं? तू दिलं व्हतंस."

"आन् भाऊबीजेला?"

"नाल्यापर्यंत आल्तो, ताय. तोंड दाखवायची हिंमत न्हाय झाली."

"मेल्या, दिवे लागेपर्यंत ताट घेऊन बसले व्हते मी!" असं म्हणून ताई रडली. मी तिच्या मुठीत होतो. तो ओलावा तेलाचा नव्हता.

जानूने मला धुतलं, माझी जागा पुसली, नवं तेल भरून हवा काढली आणि जेमतेम लागेल तेवढंच आवळलं. मग चाकावरचं तेल स्वच्छ पुसलं. दांडी दगडासारखी टणक झाली. कितीदा दाबली, थेंब नाही! "आज जाऊन या. पण टोकाला वळ पडलाय, सोमवारी नवा टाकू," तो म्हणाला. टोपी नव्हती, म्हणून त्याने सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून माझ्या तोंडावर चढवली. तिचं वरचं टोक ताईने त्याच लाल सुताने बांधलं. आणि पदर खोचून गाडीवर बसली.

"हळू घे हां. आन् हसलास तर बघ!"

खारबावला मी अंगणात उभा होतो. आतून पाळणा ऐकू येत होता. सगळे गप्प झाले. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, आणि ती मोठ्याने नाव सांगणार, तोच स्टेशनावरून मालगाडी धडधडत निघाली. केवढी लांब गाडी! ती संपली तेव्हा आत आत्याच्या पाठीत बुक्के पडत होते, हशा चालला होता, आणि नाव सांगून झालं होतं.

सोमवारी नवा व्हॉल्व्ह आला आणि मी या डब्यात पडलो. राग नाही माझा, वळ पडलेल्याने हट्ट धरू नये. पण तेलाचा तो थंडगार रेटा आठवतो आणि जीव कासावीस होतो. लाल सुताची टोपी अजून माझ्या डोक्यावर आहे.

मित्रांनो, माझ्या भावंडांच्या टोप्या सांभाळा. गळतंय म्हणून रागाने आवळू नका, आधी उघडून बघा आत काय अडकलंय. आणि तुमच्यातलं कुणी काल्हेरकडे गेलंच, तर मंदाच्या लेकीचं नाव तेवढं विचारून या. ते ऐकायचं माझं राहून गेलं आहे.