चारशे मीटरचं शहाणपण

नकाशेवाल्या साहेबाला सगळी गल्ली 'कर्कटक' म्हणायची. दुसरं काही त्याला येतच नव्हतं. नव्या मेट्रो स्टेशनवर टोक रोवायचं, गर्रकन वर्तुळ फिरवायचं आणि आत आलेल्यांना सांगायचं, झाली तुमची सोय, आता बस कशाला?

शिवणवालीचं घर वर्तुळात आलं. स्टेशनपासून बरोब्बर चारशे मीटर. म्हणून गल्लीत येणारी नऊ नंबरची बस बंद होणार होती.

मधे टॉवरवाल्यांची नवी सोसायटी होती, दोन पुरुष उंच भिंतीची. एक गेट गल्लीकडे, एक स्टेशनकडे. आतून जायचं ते फक्त त्यांनी. बाकीच्यांनी नाल्याला वळसा मारून पाऊण तास पाय तुडवायचे. शिवणवाली युनिफॉर्मच्या कारखान्यात होती. नळाला पाणी साडेसहाला, कारखान्याचं फाटक बंद आठला. तीनदा उशीर झाला की मशीन दुसरीला. तिला दोनदा झाला होता. बस गेली की नोकरी गेलीच.

गल्लीतल्या शाळेच्या हॉलमध्ये हरकती ऐकायची सभा भरली. ऐकायची म्हणजे कर्कटक जांभया देत होता आणि लोक बोलत होते. शिवणवाली उठली.

"साहेब, त्या भिंतीचं काय?"

"बाई, अंतर हवाईच मोजतात. सगळीकडे हीच पद्धत."

"अगं, विचार त्याला," तिच्या सासूबाई मागून ओरडल्या, "पंख पण ऑफिसातूनच मिळणार का?"

हॉल खो खो हसला. कर्कटकाला ते झोंबलं. "चला, आत्ता चालून दाखवतो. लवकर पोचलो तर हरकत मागे घ्यायची. फॉर्मवर सही!"

त्याची गाडी, ड्रायव्हर आणि चार्जिंगला लावलेला फोन गल्लीतच राहिले. सोसायटीच्या गेटवर तोच मिशाळ वॉचमन होता, ज्याने कालच शिवणवालीला "ए बाई, हो मागे" केलं होतं. कर्कटकाने गळ्यातलं ओळखपत्र नुसतं हलवलं. मिशाळाने असा सलाम ठोकला की टोपी डोळ्यांवर आली. कर्कटक, शिवणवाली आणि सासूबाई, तिघं आत शिरली, हिरवळीवरून तरातरा गेली, पलीकडच्या गेटातून बाहेर. समोर स्टेशन.

"सात मिनिटं!" कर्कटकाने घड्याळ नाचवलं. "उगाच बोंबाबोंब."

"तुमच्या कार्डामुळे सोडलं हो! मी रोज कोणाचं कार्ड लटकवू?"

"तो सोसायटीचा अंतर्गत प्रश्न आहे."

शिवणवालीच्या डोक्याची शीर तडतडली.

"फॉर्मवर लिहा, सात मिनिटं. खाली माझा नंबर." त्याने कार्ड काढून तिच्याकडे भिरकावलं, शिपायाकडे भिरकावतात तसं. "बघून नीट लिहा. मी गाडी घेऊन येतो." आणि वळून गेटाकडे निघाला.

या गेटवर शिट्टी चघळणारा पोरगेला वॉचमन होता. "कुठला फ्लॅट?"

"अरे, आत्ताच बाहेर आलो ना मी!"

"बाहेर कोणीही येतं. आत जायला कार्ड लागतं."

"मी प्लॅनिंगचा अधिकारी आहे!"

"काल एक जण न्यायाधीश होता," वॉचमनने शिट्टी गालात सरकवली. "मागे व्हा."

कर्कटक लालबुंद. "बाई, कार्ड आणा इकडे!"

शिवणवालीने कार्ड स्वतःच्या गळ्यात घातलं. "देते की. माझ्या गल्लीत. चला, चारशे मीटर तर आहे."

आणि ती नाल्याच्या वाटेला लागली. कर्कटक तणतणत मागे. फुटपाथ शंभर पावलांवर संपला. पुढे खणलेला रस्ता, मग चिखल, मग तो वास. चकचकीत बूट एकदा पाइपात अडकला, एकदा नको तिथे बुडाला. तीनदा तो कठड्यावर टेकला.

"रस्ता आहे का हा! कोणाचं काम आहे हे?"

"तुमचंच," शिवणवाली मागे न बघता म्हणाली.

सासूबाई सत्तरीच्या, तुटक्या चपलेत, पण दोन वळणं पुढे. कोपऱ्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "ये रे राजा, ये! थोडंच राहिलं!"

गल्लीत पोचल्यावर शिवणवालीने फॉर्म पुढे केला आणि कार्ड मुठीत धरलं. "घड्याळात बघून लिहा."

दात खाऊन त्याने जाण्याच्या रकान्यात सात लिहिले, येण्याच्या रकान्यात एक्कावन्न. मग शेऱ्यात खरडलं, 'सोबत वृद्ध महिला असल्याने वेग कमी.'

सासूबाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं. "वृद्ध कोण रे? तू?"

ड्रायव्हरने हसू लपवायला तोंड फिरवलं. शिवणवालीने खाली सही ठोकली आणि कार्ड परत केलं, दोन बोटांत धरून.

आठवड्याने बसथांब्यावर कागद लागला. वेळेत तफावत आढळली, पुन्हा पायी पडताळणी होईपर्यंत नऊ नंबर सुरू राहील. पडताळणीची तारीख आजवर चारदा पुढे गेली. ऑफिसात ढीगभर इंजिनिअर, भिंतीभर डिग्र्या, पण एक्कावन्न मिनिटं चालायला एकही माईचा लाल पुढे येईना.

शिवणवाली सात-दहाची बस पकडते. कोणी म्हणालं, 'बाई, जिंकलीस,' तर ती नाक मुरडते. "मी कसली जिंकते? त्यांच्या आळसाचा सत्कार करा."