नूरीचा पाय आणि किल्लारीची दिशा

बेगमबीच्या परसात त्या सकाळी एवढी गर्दी की कोंबडी बघायला आलेल्यांना आधी एकमेकांच्या पाठीच बघाव्या लागल्या. कोंबडीचं नाव नूरी. दोन दिवस झाले, ती उठत नव्हती. उजवा पाय मागं ताणून बसलेली, आणि तो पाय नेमका किल्लारीकडं.

किल्लारीच्या भूकंपाला पाच वर्षं होऊन गेली होती, पण लातुरात अजूनही ट्रक जोरात गेला की लोक मांडणीवरच्या भांड्यांकडं बघायचे. अशा गावात कोंबडीनं किल्लारीकडं पाय करणं ही काही थट्टा नव्हती.

"जनावराला आधी कळतंय," ताईत देणारे सिद्धराम महाराज सांगत होते. "भूमाता कूस बदलणार. तिची नस या पाखराच्या पायात गुतली. आठ दिवस, फक्त आठ."

त्यांनी नूरीच्या पायाला काळा दोरा गच्च आवळला. तिला उचलून दोनदा गरागरा फिरवलं, खाली ठेवलं, ज्वारीचं ताट कोपऱ्यातल्या भिंतीशी सरकवलं. नूरी वळली, खायला लागली. पाय परत किल्लारीकडं. तीनदा केलं, तीनदा तसंच.

लोकांनी हात जोडले. महाराजांनी ताइतांची पिशवी सोडली.

"महाराज, मी तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातो," मेस चालवणारे शेषेराव म्हणाले. "एक पुरंल का?"

"मजल्यागणिक एक."

"आन गच्चीवर टाकी हाय, तिला?"

"टाकीला मोठा."

महामाया खोलीच्या दारात फिजिक्सचं पुस्तक घेऊन उभी होती. मुदखेडची पोरगी, बारावीच्या क्लाससाठी आणखी तिघींसोबत बेगमबीकडं भाड्यानं राहायची. पेपर आठ दिवसांवर आला होता. आणि तिच्या मागं तिची आई, भामाबाई, पोरीची ट्रंक भरत होती. आली होती भाकरी-चटणी द्यायला, आता पोरगीच घेऊन निघाली होती.

"आई, तू कुठल्या बाबाला मानत न्हाईस ना?"

"बाबाला न्हाई मानत. जमिनीला भेते. माझी भैन गेली तिच्या पोटात. साल गेलं तर जाऊ दे, तू ऱ्हा."

महामाया परसात आली. तिनं महाराजांचं फिरवणं तीनदा बघितलं होतं. कोंबडी दर खेपेला वेगळ्या तोंडानं ठेवत होते, पण ताट मात्र दर खेपेला त्याच भिंतीशी.

तिनं ताट उचललं आणि उलट्या बाजूला ठेवलं.

नूरी फरफटत वळली. पाय आता समोरच्या फिजिक्स क्लासच्या पाटीकडं.

"आता फिजिक्सच्या क्लासातून येणार का भूकंप?" महामायानं विचारलं.

ताट पुन्हा हललं. नूरी पुन्हा वळली. या खेपेला पाय थेट महाराजांच्या पोटाकडं.

"केंद्रबिंदू सापडला," शेषेराव म्हणाले.

लोक हसले. महाराज चिडले. "दिशेचं सोडा. पाय लुळा पडला हे तर खरं? कोणी पाडला?"

हसू थांबलं. दारातून भामाबाईही म्हणाली, "पाय तर लुळा हायच की माय."

महामाया खाली बसली, नूरीला मांडीवर घेतलं. पंजा सुजून टम्म, पण हाताला गार लागला. कात्री मागवून तिनं आधी महाराजांचा दोरा कापला. खाली कातडीत एक बारीक खाच दिसली. कात्रीचं टोक हळूच घालून तिनं ओढलं तर बाहेर आला केस. मग दुसरा. मग गुंताच.

खोलीतल्या चौघी परसातच वेण्या घालायच्या. गळलेले केस कोणी फेकत नव्हतं. केसांवर भांडी देणारी बाई यायची, तिच्यासाठी गुंडाळी करून खुराड्यामागच्या भिंतीच्या भोकात कोंबायचे. बेगमबीही आपले केस त्यातच घालायची, तिचा एका स्टीलच्या डब्यावर डोळा होता. नूरीनं ती गुंडाळी उकरून काढली होती, केस तिच्या पायाला गुंडाळले गेले आणि चालता चालता आवळत गेले.

"खाला, हा लाल केस तुमचाच की. मेंदीचा," महामाया बेगमबीला म्हणाली.

"या अल्ला," बेगमबीनं डोक्यावर पदर ओढला. "म्हंजे भूकंप माझ्याच डोक्यात होता."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं राहिलेले केस काढले, मलम लावलं. म्हणाला, वरून तो दोरा अजून दोन दिवस राहिला असता तर पंजा सडून गळला असता. तिसऱ्या दिवशी नूरी उठली, तिरकी तिरकी चालायला लागली. महाराजांना तोवर औशाला तातडीचं काम निघालं होतं.

पण भामाबाईनं भरलेली ट्रंक अजून तशीच होती.

"कोंबडी खोटी निघाली म्हणून जमीन हलायची थांबती का?"

"न्हाई थांबत," महामाया म्हणाली. "कधी हलंल ते मला ठाव न्हाई. महाराजाला न्हाई, नूरीला न्हाई. पेपर कधी हाय ते ठाव हाय."

भामाबाई उठली, खोलीच्या चारी भिंती हात फिरवून बघितल्या. पोरींच्या उशाशी फळीवर ठेवलेली जड भांडी खाली उतरवायला लावली, खाटा दाराजवळ ओढल्या. आणि ट्रंकेतली पुस्तकं एकेक करून परत कोनाड्यात लावली.

भीती खरी असते, बाबांनो. तिला भिंत बघून, खाट सरकवून उत्तर देता येतं. जनावर बसलं तर पाय उचलून बघा, डॉक्टरकडं न्या. आणि कोणी वरून दोरा बांधायला आला, तर त्याला एवढंच विचारा, खाली काय आवळलंय ते बघितलंस का?