यहयाच्या होडीचं इंजिन

अफशा अबुधाबीतल्या एका छोट्या ट्रस्टमध्ये कामाला होती. एका वारलेल्या अरब व्यापाऱ्याच्या पैशातून हा ट्रस्ट आफ्रिकेतल्या नामशेष होत चाललेल्या प्राण्यांसाठी लहान लहान मदत द्यायचा. मोठ्या संस्था जिथं फिरकत नाहीत, तिथं.

हिंदी महासागरातल्या कोमोरोसच्या एका बेटावरचा यहया तिला असाच सापडला. पोटासाठी मासेमारी करायचा आणि अंडी घालायला येणाऱ्या कासवांची राखण करायचा. दोघांचंही अरबी मोडकंतोडकं, पण फोनवर जमून जायचं. त्यानं मागितले होते नुसते टॉर्च आणि रेनकोट. इंजिनाची कल्पना अफशाची.

“सर, कासवांचे चोर समुद्रातून येतात,” तिनं ऑफिसप्रमुख गुणवंत सावंतांना पटवलं. “हा वल्ही मारत त्यांना कसा गाठणार?”

इंजिन पोचलं, तेव्हा यहयानं व्हिडिओ पाठवला. अख्खा गाव किनाऱ्यावर जमलेला, आणि होडीत त्याची बायको झैनबा कानांवर हात ठेवून हसतेय. रत्नागिरीच्या अफशाला तो किनारा आपल्याच गावचा वाटला.

पावसाळी वाऱ्याच्या दिवसांत यहया चोरांच्या मागे खडकांच्या रांगेबाहेर गेला. पूर्वी वल्ह्यांनी तिथवर तो कधी गेलाच नसता. चार दिवसांनी होडी शेजारच्या बेटाला लागली. इंजिन शाबूत होतं. यहया मिळाला नाही.

“यात तुझी चूक नाही, अफशा,” गुणवंतसर म्हणाले. “प्रोजेक्ट सगळा रीतसर होता.”



झैनबाला फोन करायला तिला आठवडा लागला. झैनबा रडली नाही, रागावलीही नाही.

“ते इंजिन घेऊन जा,” ती म्हणाली. “त्याचा भाऊ रोज पुसत बसतो. म्हणतो, आता मी जाणार.”

“मग किनारा कोण राखणार?”

“कासवांसाठी मी एक माणूस दिला, अफशा. दुसरा मागू नकोस.”

सरांना ते पटेना. इंजिन हलवलं की काम खलास, हे अफशालाही ठाऊक होतं. तरी ती हटली नाही. इंजिन दुसऱ्या बेटावर पेशंटची ने-आण करणाऱ्या होडीला गेलं. यहयाच्या भावानं त्यानंतर तिचा फोन उचलला नाही. त्या हंगामात किनाऱ्यावर एकही घरटं राहिलं नाही. गावातल्या कुणीतरी फोटो पाठवला: कासवांच्या उलट्या पडलेल्या रिकाम्या पाठी, ओळीनं. मोजता मोजता सहाव्या पाठीपाशी तिनं फोन बाजूला ठेवला. प्रोजेक्ट बंद झाला.

शनिवारी ती शारजाला, रोल्ला भागातल्या अम्मीच्या घरी गेली. ताटातला भात तसाच राहिला, तेव्हा अम्मीनं विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं.  अम्मीनं आधी यहयाच्या नावानं दुआ मागत फातिहा पढली.

“त्याच्या बायकोला फोन करत जा,” ती म्हणाली. “कामाचा नको. असाच.”

“काय बोलू, अम्मी?”

“काय जेवलीस, ते विचार.”

अफशानं नंबर लावला. झैनबानं उचलला. मागं लाटांचा आवाज येत होता.

“आज काय केलंस जेवायला?” अफशानं विचारलं.

पलीकडे झैनबा पहिल्यांदाच रडायला लागली. अफशानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.