हिरव्या बाईचा तिसरा डोळा

"पण यांची कव्हरं गेली कुठं हो?" आजींनी विचारलं.

वाचनालयाच्या तळघरात, बाइंडिंगच्या टेबलावर त्यांनी विज्ञानकथांची सात-आठ जुनी पुस्तकं ओळीनं मांडली होती. सगळी एकसारखी दिसत होती. करडा पुठ्ठा, काळं कापड आणि पाठीवर पांढरा आकडा.

"ते यांना विचारा," त्यांना खाली घेऊन आलेल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं हेच काम आहे यांचं."

बाइंडरला सगळं वाचनालय खळकाका म्हणायचं. पुठ्ठे चिकटवायची खळ ते स्वतः शिजवत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, आणि ती त्यांच्या बाह्यांवर कायम वाळलेली असे. आजींचा प्रश्न ऐकून ते खळीचं भांडं उगाच ढवळू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

"रद्दीत जातात," ते म्हणाले. "नियमच आहे तसा. पातळ पुस्तक आलं की कव्हर काढायचं, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. नाहीतर दहा जणांच्या हातून गेलं की चिंध्या होतात."

"आधीच्या तिन्ही वाचनालयांत हेच ऐकलं," म्हणत आजी स्टुलावर टेकल्या. "ती चित्रं आमच्या ह्यांनी काढलेली. चाळीसेक असतील. नाव काही कुणी छापलं नाही त्यांचं. घरी होती नव्हती ती वाळवीनं खाल्ली."

खळकाकांनी मान वर केली नाही. ती चित्रं त्यांना तोंडपाठ होती. नरसाळ्यासारखं नाक असलेला यंत्रमानव, शेपटीतून आग ओकत जाणारी किटली, चंद्रावर बिनबाह्यांच्या झग्यात खुशाल उभी असलेली बाई, जिला ना थंडी वाजत होती ना श्वासाची अडचण. आतल्या गोष्टीशी कशाचा काही संबंध नसायचा. आत एखादा शास्त्रज्ञ शंभर पानं खोकत असायचा आणि बाहेर आठ हातांचा प्राणी शहर गिळायला निघालेला. वाचक चिडायचे. खळकाकांनी त्यातली एकही गोष्ट वाचली नव्हती, त्यामुळे त्यांना चिडायचं कारणच नव्हतं. इतक्या मेहनतीनं कुणी थाप मारली असेल तर ती रद्दीत टाकायची कशी, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

"प्रकाशक नुसतं पुस्तकाचं नाव सांगायचा," आजी म्हणाल्या. "मग हे घरभर फिरायचे. दिसेल ते उचलायचे आणि त्याचं यान करायचे. एकदा परग्रहाची राणी काढायला मला समोर बसवलं. दोन दिवस. मान मोडायची वेळ आली. आणि बघते तर काय, मी हिरवीगार! वर कपाळावर तिसरा डोळा! पण नाक माझंच. आळीतल्या बायकांनी बरोबर ओळखलं ना. महिनाभर मला राणीसाहेब, राणीसाहेब. मी ह्यांना इतकं बोलले... म्हटलं, एक बाई धड काढता येत नाही, पुन्हा माझं तोंड कागदावर उमटवलंत तर बघा." त्यांनी समोरचं पुस्तक सरळ केलं. "नाहीच काढलं हो मग. शेवटपर्यंत नाही. ते चित्र एकदा बघायचंय मला. दुसरं काही नको."

खळकाकांच्या नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं. इतकी वर्षं मूठ झाकलेली होती, ती तशीच राहिली असती. पण ते उठले, वर गेले आणि यादीत न बघता एक पुस्तक घेऊन आले.

"ह्यात आहे ती. मागच्या पुठ्ठ्याच्या अस्तराखाली."

"म्हणजे?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"सगळ्यांचीच कव्हरं आहेत, मॅडम. ज्याचं त्याच्यात."

"आणि मला रद्दीत दिली म्हणून सांगत होता?"

"हो." त्यांनी ओशाळून मान हलवली. "पण एक चुकलंच. अस्तराचा कागद पातळ, रंग वर दिसायचा. म्हणून मी चित्राचं तोंड पुठ्ठ्याकडे करून डकवलं. पुन्हा कधी काढावं लागेल असं वाटलंच नव्हतं. आता सोडवताना फाटेलही."

ग्रंथपाल बाई त्यांच्याकडे रागानं बघत होत्या. मग त्यांनी आजींकडे बघितलं.

"सोडवा," त्या म्हणाल्या. "मी वर जाते. मला पुस्तक उसवताना बघवत नाही."

खळकाकांनी ओलं फडकं पुठ्ठ्यावर पसरलं. अर्ध्या तासानं अस्तर निघालं, खाली कव्हराची पांढरी पाठ दिसली. हाडाची पट्टी कोपऱ्यातून सारत ते कागद तसूतसूनं उचलू लागले. आधी यान सुटलं.

"अगबाई, ही तर आमची किटली!" आजी लहान मुलीसारख्या हसल्या.

मग दोन चंद्र सुटले, हिरवी हनुवटी सुटली, नाक सुटलं. आजी टेबलावर इतक्या वाकल्या होत्या की खळकाकांना त्यांचा श्वास ऐकू येत होता. कपाळापाशी कागद अडला. तिथं आणखी पाणी लावून थांबायला हवं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आजींचा जीव टांगणीला लागलेला त्यांना बघवेना. त्यांनी पट्टी रेटली.

चित्र हातात आलं. तरणी, हिरवी बाई रोखून बघत होती. कपाळाच्या मधोमध मात्र नखाएवढी पांढरी जागा पडली होती. खळकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघा," ते कसंबसं म्हणाले, "दोनच डोळे राहिले. तुम्हाला हवी होती तशी झाली."

आजींनी त्या पांढऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"तो कुठंय?" त्यांनी विचारलं.

"पुठ्ठ्याला चिकटून राहिला."

"मग काढा ना हो. माझा आहे तो. किती कौतुकानं दिला होता त्यांनी."

यावेळी खळकाकांनी घाई केली नाही. थेंबथेंब पाणी सोडत ते बसून राहिले. तो कपटा बोटाच्या टोकावर आला तेव्हा त्यांनी श्वास रोखला, खळीचा ठिपका लावला आणि डोळा जागेवर ठेवला. किंचित तिरका बसला.

"तिरका झाला," ते म्हणाले.

"असू दे. पहिल्यापासून तिरकाच होता."

"आता दाबून ठेवायला हवा. शिकंज्यात घालू का?"

"नको, मी धरते." त्यांनी चित्रावर टीपकागद ठेवला आणि त्यावर आपला सुरकुतलेला तळवा अलगद टेकला.

वर वाचनालय बंद व्हायची घंटा झाली. एवढासा कपटा, तो कधीच वाळला होता. खळकाका पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिले.